नाव तेच, कंपनी दुसरी

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि रुग्णालयांच्या दारात नातेवाईक ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रांगा लावून उभे होते. त्याच आठवड्यांत मुंबई शेअर बाजारात ‘बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स’ या कंपनीच्या शेअरला वारंवार वरचे सर्किट लागत होते, म्हणजे एका दिवसातील भाववाढीची मर्यादा तो गाठत होता. मार्चअखेरीस दहा हजार रुपयांच्या आसपास असलेला हा शेअर काही आठवड्यांतच चोवीस हजारांच्या वर गेला. देशात ऑक्सिजनची मागणी वाढली आहे, ही कंपनी ऑक्सिजनची आहे, तेव्हा तिचा नफा वाढणार, असा सरळ हिशेब खरेदी करणाऱ्यांनी मांडला होता. प्रत्यक्षात या कंपनीने औद्योगिक वायूंचा व्यवसाय १ ऑगस्ट २०१९ पासून बंद केला होता आणि गुंतवणुकीच्या उत्पन्नावर चालणारी वित्तीय कंपनी असे तिचे स्वरूप झाले होते. १९६० मध्ये स्थापना झाली तेव्हा तिचे नाव ‘बॉम्बे ऑक्सिजन कॉर्पोरेशन’ होते. २०१८ मध्ये ‘कॉर्पोरेशन’च्या जागी ‘इन्व्हेस्टमेंट्स’ हा शब्द आला. धंदा बदलल्याची खूण नावातच होती, पण वाचणाऱ्यांची नजर मधल्या शब्दावर थांबली आणि पुढे गेलीच नाही.

येथे कंपनी एकच होती आणि तिच्या जुन्या नावाने फसगत केली. याहून अधिक वेळा घडणारा प्रकार म्हणजे दोन कंपन्या पूर्णपणे वेगळ्या असतात, त्यांचे मालक, धंदा, गाव, कधीकधी देशही वेगळा असतो, आणि नाव मात्र सारखे किंवा जवळजवळ सारखे असते. २०२० च्या सुरुवातीला घरोघरी ‘झूम’वर शाळा आणि कचेऱ्या भरू लागल्या, तेव्हा अमेरिकेत अनेकांनी ‘झूम’चे शेअर घ्यायला धाव घेतली. व्हिडिओ कॉलची सेवा देणाऱ्या ‘झूम व्हिडिओ कम्युनिकेशन्स’ची बाजारातील खूण, म्हणजे शेअर बाजारात कंपनी ओळखण्याचे संक्षिप्त नाव, ‘झेडएम’ अशी दोन इंग्रजी अक्षरांची आहे. ‘झूम’ ही चार इंग्रजी अक्षरांची खूण त्या वेळी ‘झूम टेक्नॉलॉजीज’ नावाच्या एका लहान कंपनीकडे होती. तिचा कारभार चीनशी निगडित होता आणि तिने कित्येक वर्षांत आपली आर्थिक माहितीही जाहीर केलेली नव्हती. तिचा भाव इतका चढला, की मार्च २०२० च्या अखेरीस अमेरिकेच्या बाजार नियामकाने तिच्या शेअरची खरेदी-विक्री तात्पुरती थांबवली आणि सारख्या नावामुळे गुंतवणूकदारांचा गोंधळ होत असल्याचे कारण त्या आदेशातच नोंदवले.

पुढच्याच वर्षी त्याहून टोकाचा प्रसंग घडला. ७ जानेवारी २०२१ रोजी इलॉन मस्क यांनी ‘सिग्नल वापरा’ एवढ्या दोन शब्दांचा संदेश समाजमाध्यमावर टाकला. त्यांचा रोख संदेश पाठवण्याच्या ‘सिग्नल’ या ॲपकडे होता. हे ॲप एका ना-नफा संस्थेचे आहे आणि त्याचे शेअर अस्तित्वातच नाहीत. लोकांनी खरेदी केले ते टेक्सासमधील ‘सिग्नल ॲडव्हान्स’ या वैद्यकीय उपकरणांशी संबंधित छोट्या कंपनीचे शेअर. साठ सेंटचा शेअर चार-पाच दिवसांत ३८ डॉलरच्या पुढे गेला.

हे मोबाइलवरून शेअर घेण्याच्या काळातच घडते असेही नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील ‘एमसीआय कम्युनिकेशन्स’ या बलाढ्य दूरसंचार कंपनीची बाजारातील खूण ‘एमसीआयसी’ होती, तर नुसती ‘एमसीआय’ ही खूण ‘मासम्युच्युअल कॉर्पोरेट इन्व्हेस्टर्स’ या गुंतवणूक निधीची होती. दूरसंचार कंपनीविषयी मोठी बातमी आली, की या निधीच्या युनिटांची उलाढाल वाढायची. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हे आकडेवारीनिशी दाखवून दिले.

असे चुकणाऱ्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे, पण ते मला अन्यायाचे वाटते. नाव लक्षात ठेवण्याची माणसाची रीतच तशी आहे, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती फार वर्षांपूर्वी नेमकी ओळखली होती. तो खटला ‘अमृतधारा’चा.

पोटदुखी, अपचन, मळमळ यांवर साखरेवर किंवा पाण्यात चार थेंब टाकून घ्यायचे हे औषध अनेक मराठी घरांतील कपाटात असे, आणि त्याची छोटी बाटली उघडली की कापूर-पुदिन्याचा तीव्र वास खोलीभर पसरे. अमृतधारा विसाव्या शतकाच्या आरंभापासून विकली जात होती. १९५० मध्ये उत्तर प्रदेशातील एका उत्पादकाने तशाच औषधासाठी ‘लक्ष्मणधारा’ या नावाची नोंदणी मागितली. अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली. उच्च न्यायालयाचे म्हणणे असे पडले, की अमृताची धारा आणि लक्ष्मणाची धारा यांत गोंधळ होण्यासारखे काही नाही. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मत मानले नाही. न्यायालयाने प्रश्नच निराळा विचारला: औषध विकत घेणारा माणूस दुकानात उभा राहून नावाची फोड करतो का? खेड्यातून आलेला साधा गिऱ्हाईक दोन बाटल्या शेजारी ठेवून अक्षरे ताडून पाहत नाही. त्याने पूर्वी कधीतरी एक औषध घेतलेले असते, त्याच्या नावाचा एकूण नाद त्याच्या कानात अर्धवट उरलेला असतो, आणि त्या अर्धवट आठवणीशी जुळणारे काही समोर आले, की तो ते उचलतो. कायद्याच्या भाषेत याला अपूर्ण स्मृतीची कसोटी म्हणता येईल. आजही दोन नावांत गोंधळ होण्यासारखे साम्य आहे की नाही, हे ठरवताना न्यायालये तीच कसोटी लावतात.

त्या खटल्याचा शेवटही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. नावे फसवणारी आहेत असे ठरूनही लक्ष्मणधारेची नोंदणी पूर्णपणे नाकारली गेली नाही. ती १९२३ पासून बाजारात होती आणि अमृतधारावाले इतकी वर्षे गप्प राहिले होते, म्हणून फक्त उत्तर प्रदेशातील विक्रीपुरती नोंदणी मान्य झाली. म्हणजे सारख्या वाटणाऱ्या दोन नावांना न्यायालयानेच शेजारी शेजारी राहू दिले. सारखे नाव दिसले की त्यातले एक खोटे असणार, असे आपण सहज गृहीत धरतो; तो समज येथेच सोडावा लागतो.

अशी नावे येतात कुठून, हे पाहिले तर गोंधळाचा बराच उलगडा होतो. सर्वांत निरुपद्रवी कारण म्हणजे आवडती नावे मोजकीच असतात. पुण्यातील ‘सह्याद्री हॉस्पिटल्स’, नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातील मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी आणि छपराचे सिमेंट पत्रे बनवणारी पुण्याचीच ‘सह्याद्री इंडस्ट्रीज’ या तिघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तिघींनीही एकाच डोंगररांगेचे नाव घेतले, आणि डोंगर कोणाच्याही मालकीचा नाही. ग्रीक देवता अपोलोचेही असेच आहे. चेन्नईत सुरू झालेली ‘अपोलो हॉस्पिटल्स’ डॉ. प्रताप रेड्डी यांची. ‘अपोलो टायर्स’ ही कंवर कुटुंबाची. टायर कंपनीची बातमी वाचून रुग्णालयाच्या शेअरचा विचार करणारे लोक मी पाहिले आहेत.

‘कल्याण’ या एका शब्दाची गंमत तर आपल्या जवळचीच आहे. ‘कल्याण जनता सहकारी बँके’तील कल्याण हे ठाणे जिल्ह्यातील शहर. ‘कल्याण ज्वेलर्स’मधील कल्याण केरळमधील त्रिशूरच्या कल्याणरामन घराण्याच्या नावातील. आणि ‘भारत फोर्ज’ चालवणाऱ्या पुण्याच्या ‘कल्याणी’ समूहात ते एका मराठी उद्योजक घराण्याचे आडनाव. तीन नावे तीन वेगळ्या मुळांतून उगवली आणि कानाला मात्र एका घरची वाटतात.

दुसरे कारण घराण्याच्या वाटण्या. बांधावरची जमीन वाटली जाते तशी कंपनीही वाटली जाते, पण आडनावाचे दोन तुकडे करता येत नाहीत. अहमदाबादची ‘कॅडिला’ ही औषध कंपनी १९५२ मध्ये पटेल आणि मोदी या दोन कुटुंबांनी मिळून उभी केली होती. १९९५ मध्ये ती विभागली गेली आणि ‘कॅडिला हेल्थकेअर’ व ‘कॅडिला फार्मास्युटिकल्स’ या दोन स्वतंत्र कंपन्या झाल्या. दोघींनाही कॅडिला हे नाव वापरण्याची मुभा होती. पुढे एकीने मलेरियावर ‘फाल्सिगो’ आणले, दुसरीने ‘फाल्सिटॅब’, आणि दोघी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २००१ च्या त्या निकालात न्यायालयाने सांगितले, की औषधांच्या नावांबाबत इतर मालापेक्षा जास्त कडक कसोटी लावावी लागेल, कारण येथे चूक झाली तर जिवावर बेतते. आणि औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते म्हणून गोंधळ होणार नाही, ही समजूतही बरोबर नाही, कारण डॉक्टर आणि औषधविक्रेतेही घाईत चुकतात. २०२२ मध्ये कॅडिला हेल्थकेअरने ‘झायडस लाइफसायन्सेस’ हे नाव घेतले, तेव्हा कुठे या दोन नावांची बाजारातली जोडी सुटली.

सोने तारण कर्जासाठी आपल्याकडेही शाखा असलेल्या ‘मुथूट फायनान्स’ आणि ‘मुथूट फिनकॉर्प’ या दोन कंपन्या केरळमधील एकाच मूळ घराण्याच्या वेगवेगळ्या शाखांच्या आहेत. पहिलीचे मुख्यालय कोची, दुसरीचे तिरुवनंतपुरम. एकीकडे ठेवलेले दागिने सोडवायला दुसरीकडे गेल्यास हात हलवत परत यावे लागेल. मुंबईत अभिषेक आणि अभिनंदन लोढा या बंधूंचा नावावरील वाद २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि मध्यस्थीनंतर एप्रिलमध्ये मिटला. ‘लोढा’ हे नाव थोरल्या भावाच्या कंपनीकडे राहिले, धाकट्या भावाने ‘हाउस ऑफ अभिनंदन लोढा’ हे पूर्ण नाव वापरावे असे ठरले, आणि या दोन उद्योगांचा एकमेकांशी संबंध नाही हे लोकांना कळवण्याचेही ठरले. घर घेणाऱ्याच्या दृष्टीने यातील शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे.

आता कायदा काय करतो ते पाहू. नवी कंपनी नोंदवताना तिचे नाव आधीच्या कंपनीच्या नावाशी तंतोतंत किंवा फार जवळून जुळता कामा नये, असे कंपनी कायदा, २०१३ चे चौथे कलम सांगते. नियम बरेच बारकाईने केलेले आहेत. अनेकवचन केले, जोडशब्द तोडला, मध्ये टिंब दिले, उच्चार तोच ठेवून स्पेलिंग बदलले, किंवा शेवटी ‘दिल्ली’ अथवा ‘मुंबई’ जोडले, तरी नाव नवे धरले जात नाही. नियमांत दिलेले एक उदाहरण मला विशेष आवडते: ‘नॅशनल इलेक्ट्रिसिटी कॉर्पोरेशन’ नावाची कंपनी आधीच असेल, तर ‘राष्ट्रीय विद्युत निगम’ हे नाव मिळणार नाही, कारण ते केवळ भाषांतर आहे. एवढे करूनही चुकून मिळतेजुळते नाव नोंदले गेलेच, तर सोळाव्या कलमाखाली सरकार ते तीन महिन्यांत बदलण्याचा आदेश देऊ शकते. नोंदलेल्या ट्रेडमार्कच्या मालकाला अशी मागणी करायची असेल, तर ती तीन वर्षांच्या आत करावी लागते.

मग इतकी चाळण असूनही सारखी नावे शिल्लक राहतात ती का? याचे खरे उत्तर असे, की आपल्या देशात नावांची एकच वही नाही. कंपन्यांची नोंद केंद्राच्या कंपनी निबंधकाकडे होते. सहकारी बँका आणि पतसंस्था यांची नोंद राज्याच्या सहकार खात्याकडे, आणि संस्था अनेक राज्यांत काम करणारी असेल तर केंद्रीय सहकार निबंधकाकडे. भागीदारी पेढ्यांची वही निराळी आणि न्यासांची आणखी निराळी. संकेतस्थळाचे नाव तर जो आधी मागेल त्याला मिळते. ट्रेडमार्कची नोंदणी सर्व व्यवहारांसाठी सरसकट होत नाही. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग केलेले आहेत आणि नोंदणी वर्गानुसार होते. टायरचा वर्ग वेगळा आणि रुग्णसेवेचा वेगळा, म्हणून एकाच शब्दावर दोघांचा हक्क नांदू शकतो. एका वहीत मिळालेली मंजुरी दुसऱ्या वहीतील नावांची हमी देत नाही.

या वह्यांच्या फटीतून जे निसटते, त्यासाठी न्यायालयाचा दरवाजा उरतो. दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवू नये, असे एक जुने तत्त्व आहे. वकील त्याला ‘पासिंग ऑफ’ म्हणतात. या तत्त्वाची ताकद मुंबईतील एका खटल्यात चांगली दिसली. गुजरातमधील ‘महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स’ ही कंपनी शेअर विक्रीला काढण्याच्या बेतात असताना ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ने मुंबई उच्च न्यायालयातून मनाई मिळवली. आमचा धंदा कागदाचा, त्यांचा वाहनांचा, दोन्हींचे गिऱ्हाईक वेगळे, असा कागद कंपनीचा बचाव होता आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मनाई कायम ठेवली. पाच दशकांच्या वापराने ‘महिंद्रा’ हे नाव एका विशिष्ट समूहाची ओळख बनले आहे आणि शेअर घेणारा माणूस ही त्यांचीच कंपनी समजेल, हे न्यायालयाला पटले. तीन वर्षांनी, २००४ मध्ये, ‘सत्यम इन्फोवे’च्या ‘सिफी’ आणि दुसऱ्या एका कंपनीच्या ‘सिफीनेट’ या संकेतस्थळांच्या वादात हेच तत्त्व इंटरनेटवरील नावांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

मात्र हे सर्व संरक्षण नावाच्या मालकाचे आहे. दावा त्याने लावायचा, खर्च त्याने करायचा, आणि निकाल लागेपर्यंत वर्षे जायची. मधल्या काळात चुकीच्या दारात गेलेल्या माणसाचे पैसे परत मिळवून देणे हा त्या दाव्याचा विषयच नसतो. हे मला घरच्या अनुभवातून कळले.

माझ्या आईचे बचत खाते आमच्या गावातील एका जुन्या सहकारी बँकेत होते. त्याच रस्त्यावर काही वर्षांनी एक पतसंस्था सुरू झाली. तिच्या नावातील पहिले दोन शब्द बँकेच्या नावातीलच होते आणि पाटीचा रंगही मिळताजुळता. ही बँकेचीच दुसरी शाखा आहे, येथे व्याज जरा जास्त मिळते, अशी समजूत गल्लीत कोणी मुद्दाम पसरवली नाही. ती आपोआप पसरली. आईने निवृत्तीच्या पैशातून दोन ठेवी ठेवल्या. पतसंस्थेने पैसे देणे थांबवले, तेव्हा ‘ठेवीला विमा असतो ना?’ हा तिचा पहिला प्रश्न होता. मी ठेव पावती हातात घेतली. वरती ठळक, मोठ्या अक्षरांत ते दोन ओळखीचे शब्द. त्याखाली अर्ध्या आकारात ‘नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित’. त्याखाली आणखी बारीक अक्षरांत सहकार खात्याचा नोंदणी क्रमांक. ‘बँक’ हा शब्द संपूर्ण कागदावर कोठेही नव्हता. पावती खोटी नव्हती. सगळे खरेच लिहिले होते, फक्त जे महत्त्वाचे ते सर्वांत लहान अक्षरांत होते. पैसे हप्त्याहप्त्याने परत आले आणि त्याला सहा वर्षे लागली. त्या सहा वर्षांत आईने एकदाही संस्थेला दोष दिला नाही, स्वतःलाच दिला, आणि तेच मला अजून सलते.

म्हणून ठेवींबाबत थोडे विस्ताराने सांगतो. बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाख रुपये आहे. व्यापारी बँकांप्रमाणे सहकारी बँकांनाही हे लागू आहे. पतसंस्थांना ते लागू नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर सूचना काढून सांगितले, की परवाना नसलेल्या सहकारी संस्थांना नावात ‘बँक’ हा शब्द वापरता येत नाही. तेव्हा पावतीवर हा शब्द आहे की नाही, एवढे पाहिले तरी अर्धी शंका फिटते.

बँकांची आपापसातील नावे हा आणखी एक गुंता आहे. महाराष्ट्रात ‘जनता सहकारी बँक’ हे शब्द अनेक नावांत आहेत. पुण्याची वेगळी, कल्याणची वेगळी, जळगावची वेगळी. प्रत्येकीचा ताळेबंद स्वतंत्र, आणि एकीच्या अडचणीशी दुसरीचा संबंध नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँके’वर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सुरुवातीला जेमतेम एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. त्या बँकेच्या नावातील ‘पंजाब’ हा शब्द पंजाब नॅशनल बँकेच्या नावात आहे, ‘महाराष्ट्र’ हा शब्द १९३५ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रच्या नावात आहे, आणि या दोन्ही राष्ट्रीयीकृत बँकांशी तिचे काही नाते नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध आलेली ‘न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक’ आणि सरकारी विमा कंपनी ‘न्यू इंडिया ॲशुरन्स’ यांचेही तसेच. विमा कंपनी १९१९ मध्ये सर दोराबजी टाटा यांनी सुरू केलेली. बँक जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मुंबईतील कामगारांसाठी निघालेली, पुढे सारस्वत बँकेत विलीन झालेली. ज्याच्या घरात यांपैकी एकीची पॉलिसी आणि दुसरीचे पासबुक असेल, त्याने दोन्ही कागद वेगळ्या फायलींत ठेवलेले बरे.

नावावर विसंबता येत नसेल, तर कशावर विसंबायचे? ज्या खुणा एका कंपनीला एकच मिळतात आणि दुसरीला कधीच मिळत नाहीत, अशा क्रमांकांवर. कंपनीच्या बाबतीत पहिली खूण म्हणजे २१ अक्षरांचा कंपनी ओळख क्रमांक, ज्याला सीआयएन म्हणतात. कंपनीच्या पत्रशीर्षावर आणि बिलावर तो छापणे कायद्याने बंधनकारक आहे. बहुधा तो अगदी तळाशी, बारीक टायपात सापडतो. महिंद्रा अँड महिंद्राचा क्रमांक घेऊन पाहू: एल ६५९९० एमएच १९४५ पीएलसी ००४५५८. पहिले अक्षर ‘एल’ म्हणजे शेअर बाजारात नोंद असलेली कंपनी. नोंद नसती तर तेथे ‘यू’ आले असते. पुढचे पाच आकडे उद्योगाच्या वर्गीकरणाचे आहेत, पण त्यांवरून आजचा धंदा ठरवू नये, कारण ती नोंद जुनी असू शकते. ‘एमएच’ म्हणजे महाराष्ट्र. पुण्यात नोंदलेल्या अनेक कंपन्यांच्या क्रमांकात तेथे ‘पीएन’ दिसते. १९४५ हे स्थापनेचे साल, ‘पीएलसी’ म्हणजे पब्लिक लिमिटेड कंपनी, आणि शेवटचे सहा आकडे निबंधकाच्या वहीतील नोंदणी क्रमांक. शंभर वर्षांची परंपरा सांगणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात पाच वर्षांपूर्वीचे साल दिसले, तर ते दर वेळी लबाडीचे लक्षण नसते, कारण जुन्या समूहांतही फेररचना होऊन नव्या कंपन्या नोंदल्या जातात. पण तेथे थांबून विचारावे. हा क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकला, की कंपनीचे नाव, नोंदलेला पत्ता आणि तिची सद्यःस्थिती दिसते.

दुकान किंवा पेढी कंपनी नसेल, तर बिलावरील जीएसटी क्रमांक उपयोगी पडतो. त्याची १५ अक्षरे असतात. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. पुढची दहा अक्षरे म्हणजे मालकाचा पॅन. पॅनमधील चौथे अक्षर ‘सी’ असेल तर ती कंपनी, ‘पी’ असेल तर एकटी व्यक्ती, ‘एफ’ असेल तर भागीदारी पेढी. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकल्यावर कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव अशी दोन नावे वेगवेगळी दिसतात, आणि पाटीवरचे प्रसिद्ध नाव प्रत्यक्षात कोणाचे आहे, हे तेथे उघड होते. शेअर घेताना नावाच्या जागी ‘आयएनई’पासून सुरू होणारा १२ अक्षरांचा आयसिन क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावरील क्रमांकाशी जुळवावा. बँकेच्या आयएफएससी कोडची पहिली चार अक्षरे बँकेची असतात: बँक ऑफ महाराष्ट्रची ‘एमएएचबी’, पंजाब नॅशनल बँकेची ‘पीयूएनबी’, पंजाब अँड सिंध बँकेची ‘पीएसआयबी’. पासबुकावर ती पाहिली, की आपण कोणत्या दारात आहोत ते कळते. बँकांची संकेतस्थळेही आता ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव शेपटीखाली आली आहेत; ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत हा बदल करण्यास रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना सांगितले होते, आणि ही शेपटी बँकेखेरीज कोणाला मिळत नाही.

नामसाम्याचा मुद्दाम गैरफायदा घेणाऱ्यांसाठी मात्र वेगळी सावधगिरी लागते. नामांकित ब्रोकरच्या नावाला एखादे अक्षर किंवा ‘प्रो’, ‘व्हीआयपी’ असा शब्द जोडून केलेली ॲप आणि व्हॉट्सॲप गट यांतून शेअर गुंतवणुकीच्या नावाखाली मोठ्या फसवणुकी होतात. त्यावर उपाय म्हणून सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने १ ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांसाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेले यूपीआय पत्ते सुरू केले. ब्रोकरच्या आणि फंडाच्या पत्त्यांत त्यांचा प्रकार दाखवणारी ठरावीक अक्षरेही येतात. पैसे एखाद्या व्यक्तीच्या नावावरील खात्यात किंवा भलत्याच पेढीच्या खात्यात पाठवायला सांगितले, तर समोरचे नाव कितीही ओळखीचे वाटले तरी पैसे पाठवू नयेत. पाठवून झाले असतील, तर त्याच तासात सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवावी; रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठवता आली तरच ती परत येण्याची आशा राहते.

चुकून भलत्याच कंपनीचे शेअर घेतले गेले, तर बाजारात तो व्यवहार पक्का धरला जातो. ते शेअर विकून मिळेल तो भाव घेण्याखेरीज मार्ग राहत नाही. खात्यावर पैसे पाठवण्याच्या बाबतीत थोडी सोय झाली आहे. एनईएफटीने पैसे पाठवताना आपण लिहिलेले नाव आजवर कोणी ताडून पाहत नव्हते, केवळ खाते क्रमांकावर रक्कम जमा होत असे. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकल्यावर खातेदाराचे खरे नाव दाखवण्याची व्यवस्था १ एप्रिल २०२५ पर्यंत उभी करण्यास रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. पडद्यावर दिसते ते कायदेशीर नाव असते, आणि ते पाटीवरील नावाहून वेगळे असू शकते. तसे दिसले, तर बिलावरील जीएसटी क्रमांकाचे कायदेशीर नाव तेच आहे का ते पाहावे, आणि नसल्यास रक्कम पाठवण्यापूर्वी दुकानात फोन करून विचारावे.